बारा लाखांपर्यंत कर नाही, मग उत्पन्न कमी का दाखवता?

इचलकरंजीत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त यंत्रमागवाले, बाकी शिक्षक, बँकेतले, दुकानदार, एखाद-दुसरे डॉक्टर. ऑडिटची धावपळ आता उरकत आली आहे आणि १५ डिसेंबर २०२५ च्या आगाऊ कराच्या हप्त्याचे फोन सुरू झालेत, म्हणून हे आत्ताच लिहिते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हेच सांगून उपयोग होत नाही. तोवर बिलं फाडून झालेली असतात, पैसे कुणी रोखीत तर कुणी बँकेतून दिलेले असतात, मशिनं कुणाच्या तरी नावावर चढलेली असतात. मग माझ्याकडे फक्त बेरीज उरते.

सुरुवात खर्चीवाल्यांपासून करते. व्यापाऱ्याकडून सुताची बिमं (ताण्याचं उभं सूत गुंडाळलेले रूळ) आणि बाण्याचं (आडवं) सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देणारे हे लोक. असेच एक अण्णा दिवाळीनंतर आले होते. वर्षाची मजुरी साधारण ६० लाख, सगळी बँकेतून येते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली अशा छोट्या व्यवसायाला हिशेबाची सगळी पुस्तकं न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवता येतो. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. अण्णांचं रिटर्न दरवर्षी या ६ टक्क्यांनीच जायचं, म्हणजे उत्पन्न ३ लाख ६० हजार. वीजबिल, कामगारांचा पगार, कांडी (बाण्याचं सूत भरणं), जॉबर (माग दुरुस्त करणारा), सुटे भाग, शेडचं भाडं असं सगळं वजा जाऊन त्यांच्या हातात प्रत्यक्षात साडेनऊ लाख उरतात. ते त्यांनीच सांगितलं, वही समोर ठेवून.

आता त्यांना जुने माग काढून सेकंडहँड रेपिअर (बिनधोट्याचे वेगवान माग) घ्यायचे आहेत. कर्ज हवं ४० लाखांचं. दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ६६ हजारांच्या वर जातो, म्हणजे वर्षाला आठ लाखांच्या आसपास. बँकेनं तीन वर्षांची रिटर्न मागितली आणि फाईल परत आली. तीन लाख साठ हजार कमावणारा माणूस घर चालवून आठ लाखांचा हप्ता भरणार कसा, हा बँकेचा प्रश्न अगदी रास्त आहे.

"मॅडम, पण जास्त दाखवलं तर टॅक्स बसंल की."

"अण्णा, किती बसेल सांगू?"

मी त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. २०२५-२६ या वर्षात नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, उरलेल्या दीड लाखावर १० टक्के म्हणजे १५ हजार. झाले ३५ हजार. पण १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कलम ८७एची ६० हजारांपर्यंतची सूट मिळते, ती या ३५ हजारांना पूर्ण गिळते. भरायचा कर शून्य. तीन लाख साठ हजारांवर शून्य आणि साडेनऊ लाखांवरही शून्य.

अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण आमच्या गावातली निम्मी रिटर्न आजही जुन्या भीतीनं भरली जातात. ६ टक्के हा किमान आकडा आहे. त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं त्याच कलमात लिहिलं आहे. लपवून एक रुपयाचाही फायदा नसताना लोक आपली पत स्वतःच्या हातानं कमी करून घेतात. पुढं घर बांधताना, पोराला शिकायला बाहेर पाठवताना, प्लॉट घेताना 'पैसा आला कुठून' हा प्रश्न येतो आणि तेव्हा दाखवायला भांडवल नसतं. यंदापासून खरा आकडा टाका. वीजबिल, मजुरीची बिलं आणि जीएसटीतली उलाढाल एकमेकांशी जुळत असेल तर घाबरायचं काहीच कारण नाही.

याला काही अटी आहेत, त्या नीट वाचा. ही सूट भारतात निवासी असलेल्या व्यक्तीलाच मिळते. भागीदारी फर्मला नाही, तिला पहिल्या रुपयापासून ३० टक्के. हिंदू अविभक्त कुटुंबालाही नाही, त्यामुळे नुसती कर वाचवायला म्हणून एचयूएफ काढायला निघालेल्यांनी आधी आकडे मांडून बघावेत. कापड दलालांना तर ४४एडीच लागू होत नाही, कारण कमिशन आणि दलालीचं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. आणि शेअरच्या नफ्यावर या सुटीचा उपयोग नाही. धंद्याचे ७ लाख आणि शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्याचे १ लाख, एकूण ८ लाख, म्हणून 'आपण बारा लाखांच्या आत' असं समजून बसलेल्या एका मुलाला सेससह (करावर लागणारा उपकर) २०,८०० रुपये भरावे लागणार आहेत. दीर्घ मुदतीचा, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा किंवा इक्विटी फंडाचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. तो एकदम दहा वर्षांनी काढण्यापेक्षा दरवर्षी थोडा थोडा काढून घेतला तर पुढचा कर कमी होतो.

पगारदारांचं गणित वेगळं आहे. त्यांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते म्हणून पगार १२ लाख ७५ हजार असला तरी कर नाही. गोची होते ती या रेषेच्या जरा वर गेलेल्यांची. एका कंपनीत काम करणाऱ्या ताईंचा पगार १२ लाख ६० हजार, बँकेतल्या ठेवीचं व्याज ६० हजार. प्रमाणित वजावट जाऊन १२ लाख ४५ हजार. स्लॅबप्रमाणे कर ६६,७५० येतो. कायदा इथं थोडा दिलासा देतो: १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली त्याहून जास्त कर घेत नाही. म्हणून ४५ हजार, वर सेस, मिळून ४६,८००. म्हणजे वरचे पंचेचाळीस हजार कमावले ते सगळेच्या सगळे गेले, वर सेसचे अठराशे खिशातून.

यावर उपाय आहे. कंपनीनं पगारातलेच ५० हजार आपल्या वाट्याच्या रूपानं त्यांच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरले, तर करपात्र उत्पन्न ११ लाख ९५ हजारांवर येतं आणि कर शून्य होतो. मालकानं भरलेल्या एनपीएसची वजावट नव्या पद्धतीतही मिळते, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. स्वतः वेगळे भरलेल्या एनपीएसची मात्र नव्या पद्धतीत मिळत नाही. हे काम कंपनीच्या पगार विभागाशी बोलून आत्ता, चार पगार हातात असताना करावं लागतं. ताईंनी फोन केला, डिसेंबरच्या पगारापासून सुरू होतंय.

विमा पॉलिसीबद्दल थोडं परखड लिहिते. विमा, पीपीएफसारख्या बचतीवर मिळणाऱ्या ८०सीच्या वजावटीची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तशीच आहे आणि ती वजावट आता फक्त जुन्या पद्धतीत उरली आहे. नव्या पद्धतीत असलेला माणूस 'टॅक्स वाचतो' म्हणून मार्चमध्ये पॉलिसी घेतो तेव्हा त्याचा कर एका रुपयानंही कमी होत नाही, आणि वीस वर्षांचा हप्ता मात्र गळ्यात पडतो. घरच्यांसाठी टर्म विमा घ्या, आरोग्य विमा घ्या. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्याचा फायदा घ्या. फक्त कराच्या नावाखाली घेऊ नका.

जुनी पद्धत कुणाला परवडते? पगार १६ लाख धरा. नव्या पद्धतीत सेस सोडून कर १,०८,७५० येतो. जुन्या पद्धतीत तेवढ्यावरच आणायचं तर ६ लाख १९ हजारांच्या वजावटी लागतात. प्रमाणित वजावटीचे ५० हजार, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५० हजार, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, सगळं धरूनही पावणेपाच लाखच होतात. घरभाडं भत्ता मोठा असेल तरच पुढं जाता येतं. आमच्या भागात असे फार थोडे, पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांनी मात्र आकडे जरूर मांडावेत. पगारदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते. धंदेवाल्याला तसं नाही: फॉर्म १०-आयईए भरून जुन्या पद्धतीत गेलात आणि पुन्हा नव्या पद्धतीत आलात, की धंदा चालू आहे तोवर परत जुन्याचं दार बंद.

आता रोख पैसा. फर्म किंवा पुस्तकं ठेवणाऱ्या व्यावसायिकानं एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिले तर तो अख्खा खर्च नामंजूर होतो, वरचाच तेवढा नाही. ट्रकवाल्यासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. सायझिंग (सुताला खळ लावण्याचा कारखाना) चालवणाऱ्या एका फर्मनं मोटार दुरुस्तीचे १८ हजार रोख दिले होते. बिल खरं, काम खरं, तरीही १८ हजार नफ्यात मिळवावे लागले आणि ५,६१६ रुपये कर गेला. फोनवरून पाठवले असते तर हा प्रश्नच नव्हता.

घेणाऱ्यावरही बंधन आहे. एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एका समारंभापोटी एकाच माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. मंगल कार्यालयवाले आणि डेकोरेशनवाले, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहिते: हॉलचे वेगळे, जेवणाचे वेगळे, तीन तारखांना तीन पावत्या केल्या तरी लग्न एकच धरलं जातं.

४५ दिवसांच्या नियमानं आमच्या गावात जेवढी भांडणं लावली तेवढी दुसऱ्या कुठल्याच कलमानं लावली नसतील. २०२३-२४ पासून लागू झालेल्या ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ३१ मार्चला जी रक्कम थकलेली असेल ती त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. कापड व्यापारी म्हणतात, आम्हालाच पुढून चार महिन्यांनी पैसे येतात. विणणारा म्हणतो, माझ्या मजुरीवर तुम्ही चार महिने धंदा करता. दोघेही माझे पक्षकार आहेत, आणि मी उघडपणे विणणाऱ्याच्या बाजूची आहे. त्याच्याकडं कामगाराचा पगार दर आठवड्याला असतो, वीजबिल दर महिन्याला.

व्यापाऱ्यांनो, फर्मच्या नावावर अशी १२ लाखांची बिलं थकली तर यंदाच्या करात ३,७४,४०० रुपयांची भर पडते. करार लेखी करून घ्या, म्हणजे १५ चे ४५ दिवस तरी होतील. आणि जानेवारीतच थकबाकीची यादी काढा, कोण उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणीतला लघु उत्पादक आहे आणि कोण नुसता व्यापारी ते वेगळं करा, कारण निव्वळ व्यापाऱ्याला हे कलम लागू नाही. खर्चीवाल्यांनो, उद्यम नोंदणी फुकट होते. ती करा आणि नंबर बिलावर छापा. नंबर नसलेलं बिल व्यापारी सगळ्यात शेवटी काढतो.

मशिनरीच्या घसाऱ्याबद्दल (मशीन झिजल्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट) दरवर्षी एकच गोष्ट चुकते. घेतल्याच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मालमत्तेवर घसारा निम्मा मिळतो. ३१ मार्चपासून मागं मोजलं तर ही रेषा ३ ऑक्टोबरला येते. २०२५ मध्ये खंडेनवमी १ ऑक्टोबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या मुहूर्तावर ज्यांनी २० लाखांचं मशीन चालू केलं त्यांना १५ टक्क्यांनी ३ लाख घसारा. ज्यांनी पाडव्यापर्यंत, म्हणजे २२ ऑक्टोबरपर्यंत थांबून घेतलं त्यांना दीड लाख. उरलेला पुढच्या वर्षांत मिळत राहतो, बुडत नाही, पण यंदाचा कर जास्त जातो. आणि पैसे भरले म्हणजे झालं असं नसतं, मशीन प्रत्यक्ष चालू झालेलं हवं. बसवल्याचं चलन, वीज जोडणीची तारीख, पहिल्या कापडाचं बिल जपून ठेवा.

गाडीचं मात्र उलटं सांगते. 'घसाऱ्यासाठी गाडी घेऊ का' असं मला फर्मवाले विचारतात. दहा लाखांच्या गाडीवर पूर्ण वर्षाचा घसारा दीड लाख, त्यावर वाचणारा कर ४६,८००. गरज असेल तर घ्या. गरज नसेल तर दहा लाख घालवून सत्तेचाळीस हजार वाचवण्यात काही अर्थ नाही.

पत्नीच्या नावावर पगार दाखवणं ही जुनी पद्धत. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला पगार कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो, तिच्याकडं त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान असल्याशिवाय. माझ्या एका दुकानदार पक्षकाराच्या घरी वहिनी एम.कॉम. आहेत, लग्नाआधी त्यांनी अकाउंटंटची नोकरी केली आहे आणि दुकानाचा सगळा जीएसटी त्या स्वतः बघतात. त्यांचा पगार महिन्याला बँकेतून जातो, कामाचे कागद आहेत. तो त्यांच्या नावावरच राहतो आणि राहायलाच हवा. पण दुकानाची पायरीही न चढलेल्या बायकोच्या नावावर तीस हजार टाकायला मी तयार होत नाही. बायकोला किंवा सुनेला पैसे भेट देऊन त्यांच्या नावावर ठेव केली तरी व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात येतं.

आई-वडिलांच्या बाबतीत हा नियम नाही. त्यांना दिलेल्या रकमेवरचं व्याज त्यांचंच. त्यांना दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर कर लागत नाही, आणि एप्रिलमध्ये बँकेला 'आमच्यावर कर बसत नाही' असा फॉर्म दिला तर बँक टीडीएसही (व्याजातून आधीच कापला जाणारा कर) कापत नाही. पण ही खरोखरची भेट असते, हे आधी मनाशी पक्कं करा. आईच्या नावावर टाकलेले पंचवीस लाख उद्या वारसाहक्कानं तुमच्या बहिणीकडेही जातात. त्यावरून भावंडांत वाद झालेले मी बघितले आहेत.

आगाऊ कराबद्दल: वर्षाचा कर टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त होणार असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ४४एडीवाल्यांना एकच तारीख, १५ मार्च. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे. चुकवला तर महिन्याला एक टक्का व्याज लागतं आणि ते व्याज खर्चातही धरता येत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मनाला सगळ्यात लागलेलं. गेल्या काही वर्षांत 'रिफंड काढून देतो, त्यातला हिस्सा द्या' म्हणणारे गावोगाव फिरतात. कामगार, शिक्षक, निवृत्त माणसं यांच्या रिटर्नमध्ये न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेला आजार टाकून रिफंड मागितला जातो. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. पकडलं गेल्यावर तो माणूस फोन उचलत नाही. सही तुमची असते, पॅन तुमचा असतो. चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो.

ज्यांच्या बाबतीत असं झालंय त्यांनी लाजून घरात बसू नका. २०२४-२५ च्या उत्पन्नाचं रिटर्न असं गेलं असेल तर सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची. त्यात कर आणि व्याज भरून मोकळं होता येतं. २०२३-२४ च्या उत्पन्नासाठी ३१ मार्च २०२६ च्या आत अद्ययावत रिटर्न भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा लागतात, त्याच्या आदल्या वर्षासाठी ५० टक्के. नोटीस यायच्या आधी या. येताना त्या वर्षाचं रिटर्न, फॉर्म १६, बँकेचं वर्षभराचं पासबुक आणि आयकर पोर्टलवरचं एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) काढून आणा. पोर्टलचा पासवर्ड त्या माणसाकडं असेल तर आधी तो बदला, आणि नोंदवलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे ना ते बघा.